शाल, श्रीफळ आणि गिऱ्हाईक

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं शेपर आणि चार माणसं. गेली सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यातल्या वस्तू मी लोखंडात आणि ॲल्युमिनियममध्ये उतरवून देतो. त्यामुळेच असेल, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने मला ‘नवसंशोधन दिना’ला परीक्षक म्हणून बोलावलं. कॉलेजचं नाव सांगणार नाही. वर्णन वाचलंत की तुमच्याच तालुक्यातलं कॉलेज तुमच्या डोळ्यांपुढे येईल.

फाटकापासून सभागृहापर्यंत भिंतीवर चौकटी टांगलेल्या. काच, सोनेरी पट्टी, खाली नावाची पितळी पाटी. देवघरात तसबिरी लावाव्यात तशा ओळीने. मी मोजल्या, एकेचाळीस भरल्या. “ही आमची एकेचाळीस पेटंट्स,” प्राचार्य म्हणाले. मी चष्मा लावून वाचायला लागलो. बुद्धिमान काठी, बुद्धिमान कचराकुंडी, बुद्धिमान शिरस्त्राण, बुद्धिमान कुंडी. प्रत्येक कागदावर एकच शब्द होता: प्रकाशित. मी विचारलं, “यातली एखादी वस्तू हातात घेऊन बघता येईल?” प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने चहा आणला.

एकेचाळीस शोध आणि हातात धरायला एकही वस्तू नाही! या प्रकाराला मी लबाडी म्हणतो आणि हा शब्द तोलूनमापून वापरतो.

‘प्रकाशित’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी अशी भिंत दिसली की तुम्हालाही चष्मा लावावासा वाटेल. आपल्याकडे पेटंटसाठी अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. वेगळी फी भरली तर त्याच्याही आधी होतो. अर्जातली गोष्ट खरोखर नवी आहे का, तिच्यात शोध म्हणावं असं काही आहे का, याचं परीक्षण तोवर झालेलं नसतं. ती पुढची पायरी. तिच्यासाठी निराळी विनंती करावी लागते, आताच्या नियमाप्रमाणे ३१ महिन्यांच्या आत. विनंती केलीच नाही, तर अर्ज मागे घेतला असं कायदा धरून चालतो. थोडक्यात, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती फ्रेम करायची आणि ‘आमचा बाळ्या डॉक्टर झाला’ म्हणून पेढे वाटायचे, असा हा कारभार आहे.

हे का चालतं? कारण मोजणाऱ्यांनी चुकीची गोष्ट मोजायला घेतली. देशातल्या संस्थांची सरकारी क्रमवारी लावताना मिळालेल्या पेटंटांबरोबर नुसती प्रकाशित झालेलीही विचारात घेतली जातात. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? अर्ज स्वस्त झाला, क्रमवारीतले गुण मोलाचे राहिले, आणि मधल्या फटीत दलाल शिरले. ‘पेटंटमध्ये नाव हवंय? पहिलं स्थान अमुक हजार, चौथं स्थान तमुक हजार’ असे संदेश प्राध्यापकांच्या मोबाइलवर फिरतात. मी ते डोळ्यांनी वाचलेत. सहलीच्या बसमधल्या जागा विकाव्यात तशा शोधकाच्या जागा विकल्या जातात. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली पाच राज्यांतली सहा माणसं मिळून एक यंत्र ‘शोधतात’. त्या सहांपैकी एकालाही ते यंत्र कोणत्या बोल्टने जोडायचं हे सांगता येत नाही.

आणि गंमत पाहा, ज्या कायद्याच्या नावाने ही पूजा चालते, तो कायदा स्वतः फार रोखठोक आहे. पेटंट मिळालेल्या माणसाला ठरावीक काळाने ‘फॉर्म २७’ भरून द्यावा लागतो. त्यात सरकार विचारतं: या शोधाचा भारतात प्रत्यक्ष वापर झाला का? व्यापारी प्रमाणावर झाला का? म्हणजे बाजार हा शोधाचा भाग आहे, हे कायद्याला पक्कं ठाऊक आहे. एकाधिकार वीस वर्षांसाठी मिळतो तो समाजाला वस्तू मिळावी म्हणून, भिंतीला शोभा यावी म्हणून मिळत नाही. कायद्याला कळलेली ही गोष्ट कॉलेजांना का कळू नये? कळते. पण वस्तू करायला घाम लागतो आणि अर्ज करायला प्रिंटर पुरतो.

हे झालं कॉलेजांचं. आता दुसरी जमात घ्या. ही माझ्या वर्कशॉपच्या दारात महिन्याला एक तरी येते. गुप्तकल्पनावाले!

दबक्या पावलांनी येतात, इकडेतिकडे बघतात, पोऱ्याला बाहेर पाठवायला सांगतात. “साहेब, कल्पना जबरदस्त आहे. करोडोंची आहे. पण सांगू शकत नाही.” मग मी लेथवर काय लावू? “आधी गुप्ततेच्या कागदावर सही करा.” सही करतो. तरीही सांगत नाहीत. अर्धं चित्र दाखवतात, अर्धं तळहाताने झाकतात. वर विचारतात, खर्च किती येईल? झाकलेल्या हाताखाली काय आहे हे कळल्याशिवाय खर्च ब्रह्मदेवही सांगणार नाही.

यांची ठाम समजूत अशी, की जगातले सगळे उद्योगपती आपल्या कल्पनेवर दरोडा घालायला टपून बसलेत. मी सव्वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो: नवी कल्पना लोकांच्या गळी उतरवताना घसा कोरडा पडतो. चोराचं सोडाच, फुकट दिली तरी कुणी उचलत नाही. खरी भीती वाटत असेल तर रस्ता सरळ आहे. तात्पुरत्या विवरणासह अर्ज करा. एकट्यादुकट्या माणसाला त्याची सरकारी फी दीड-दोन हजारांच्या घरात पडते. तेवढ्याने तारीख तुमची होते आणि पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत नमुना करा, दहा माणसांच्या हातात द्या, शिव्या खा, सुधारा. अर्जाआधी मात्र प्रदर्शनात मांडू नका, चित्रफीत टाकू नका, विकू नका, कारण जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी बहुधा ‘नवी’ उरत नाही. हे सगळं एका संध्याकाळी समजून घेता येतं. पण गुप्तकल्पनावाल्याला ते नको असतं. नमुना केला की तो मोडेल. मोडला की कल्पना चुकली हे दिसेल. झाकून ठेवली तर ती आयुष्यभर करोडोंची राहते. त्याला शोध नको आहे, शोधक असल्याची भावना हवी आहे. अशा माणसाला मी आता चहासुद्धा पाजत नाही.

कल्पनेपासून वस्तूपर्यंत किती अंतर असतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण नकला काढणाऱ्या यंत्राचा जनक चेस्टर कार्लसन याचं. हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागातच नोकरीला होता. कागदांच्या नकला करता करता जेरीला आला होता. घरच्या स्वयंपाकघरात गंधक तापवून प्रयोग करायचा. २२ ऑक्टोबर १९३८ ला अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पट्टीवर रुमाल घासला, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव दिव्याच्या उजेडात तिच्यावर पाडलं, वर बारीक भुकटी फुंकली, आणि अक्षरं मेणकागदावर उतरली. कोरडी नक्कल झाली. शोध लागला, असं आपला कोणताही प्राचार्य त्याच दिवशी जाहीर करून मोकळा झाला असता.

पुढे काय झालं? वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. १९४२ मध्ये पेटंट मिळालं. ते हातात घेऊन तो तसाच फिरत राहिला. १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल संस्थेने हात दिला, नंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड नावाच्या फोटोच्या कागदाच्या कंपनीने. १९४९ मध्ये पहिलं यंत्र निघालं, ते वापरणाऱ्याचा जीव काढणारं होतं. कचेरीत बटण दाबून चालेल असं ‘९१४’ यंत्र १९५९ मध्ये लोकांपुढे आलं. हिशेब करा: १९४२ च्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत भरली तीसुद्धा १९५९ मध्येच. पहिल्या नकलेपासून एकवीस वर्षं! मूळ पेटंट म्हातारं होऊन मेलं तेव्हा कुठे वस्तू जन्माला आली.

आणि आणखी एक गोष्ट, जी ‘नवसंशोधन दिना’च्या कोणत्याही भाषणात मी ऐकलेली नाही. ते यंत्र जवळपास तीनशे किलोचं आणि इतकं महाग होतं की कुणी विकत घेतलं नसतं. कंपनीने ते भाड्याने दिलं, महिन्याला ९५ डॉलर, आणि ठरलेल्या संख्येपुढच्या नकलांचे पैसे मीटरवर. गिऱ्हाइकाला यंत्र नको होतं, नकला हव्या होत्या, हे कुणीतरी ओळखलं. माझ्या मते हे ओळखणं गंधकाच्या पट्टीइतकंच मोठं होतं. बाजार म्हणजे शोधाला शेवटी लावायचा रंग, असं समजणारी माणसं शोधही समजलेली नाहीत.

दूर कशाला जायचं? आपल्या घरातलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवायचे. बढतीत डावलले गेले, नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान आणि पुढे छोटा कारखाना. कडबा कापायचं यंत्र केलं. १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. हरळीकुंद्याने गच्च झालेल्या काळ्या रानात लाकडी नांगराचा जिथे दम निघतो तिथे तो खोल जायचा. घेतला का कुणी? दोन वर्षं गिऱ्हाईक मिळेना! लोखंड जमिनीत विष कालवतं, अशी शेतकऱ्यांची धारणा होती.

इथे थांबा, कारण सगळं मर्म इथेच आहे. आपले सभासंमेलनी विद्वान या जागी शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतात. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. ज्याचं सगळं आयुष्य एका हंगामावर टांगलेलं आहे, तो परक्याच्या लोखंडाला घाबरणारच. त्याची भीती हा नांगराच्या रचनेतलाच एक प्रश्न आहे, फाळाच्या कोनाइतकाच खरा. लक्ष्मणरावांनी नांगर रानात नेला, चालवून दाखवला, तक्रारी ऐकल्या, फाळ सुधारला, पुन्हा नेला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. १९२० मध्ये कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. नांगराच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता या माणसांनी भाषेला एक मासिक दिलं. बाजाराला हलकं समजणाऱ्या मराठी मनाने हे वाक्य पाटीवर शंभरदा लिहून काढावं.

पण आपण काय लिहितो? ‘जुगाड’! या शब्दाने मला शिसारी येते. मोटारसायकलचं इंजिन लावून कुणी पाण्याचा पंप चालवतो, त्याची चित्रफीत देशभर फिरते, आणि वातानुकूलित सभागृहात कुणी व्यवस्थापनगुरू त्याला ‘भारतीय प्रतिभा’ म्हणतो. त्या पंपवाल्याच्या हिकमतीबद्दल मला आदर आहे. अडलेल्या माणसाने नडीला काढलेली ती वाट आहे. माझा राग त्या नडीचं तत्त्वज्ञान करणाऱ्यांवर आहे. एक पंप चालला म्हणजे वस्तू झाली नाही. शंभरावा पंप पहिल्यासारखाच चालला पाहिजे. त्याचा पट्टा तुटला तर साताऱ्यातही मिळाला पाहिजे आणि सिरोंच्यातही. त्याने कुणाचं बोट तुटता कामा नये. दोन जॉबमध्ये केसाएवढा फरक पडला म्हणून माझा कारागीर रात्री अकरापर्यंत थांबतो, त्याच्या त्या कटकटीला कुणी प्रतिभा म्हणत नाही. एकदाच चाललेल्या गोष्टीचा गौरव आणि रोज चालणाऱ्या गोष्टीकडे पाठ! मग आपल्याकडे शिलाईयंत्राच्या सुईपासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळं बाहेरून येतं म्हणून गळा काढण्यात काय अर्थ आहे?

आता पैशाचं बोलू. पैशाचं बोलणं अनेकांना कमीपणाचं वाटतं, पण त्याच्याअभावी चांगले शोध मरतात. शंकर आबाजी भिसे मुंबईत १८६७ मध्ये जन्मले. त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणत. आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या रचनेने त्यांचं नाव लंडनपर्यंत गेलं, मागोमाग तेही गेले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, सर रतन टाटांचे पैसे मिळाले. छपाईचे खिळे भराभर ओतणारं यंत्र त्यांनी केलं. पण त्या धंद्यात लायनोटाइप आणि मोनोटाइपसारख्या कंपन्या पाय रोवून बसलेल्या. अशा बाजारात नुसतं चांगलं यंत्र पुरत नाही. कारखाना लागतो, विक्रीचं जाळं लागतं, आणि वर्षानुवर्षं तोटा सोसणारी थैली लागते. टाटांची मदत आटली, भिसे अमेरिकेला गेले, तिथे पुन्हा यंत्रं, पुन्हा कंपन्या. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांच्या बुद्धीत उणं काहीच नव्हतं. आणि आज? दहावीच्या मुलाला विचारा भिसे कोण. त्यांचं यंत्र बाजारात टिकलं असतं तर प्रत्येक छापखान्यात त्यांचं नाव पितळेत कोरलेलं दिसलं असतं.

भिशांच्या वेळी परकी सत्ता होती. आज कोण आडवं येतं? सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी एका तरुण जोडप्याबरोबर कांद्याची रोपं काढायचं एक हत्यार तयार केलं होतं. चाळीस नगांची पहिली ऑर्डर एका बऱ्या मोठ्या संस्थेने घेतली. माल गेला. पसंत पडला. पैसे? अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत त्या दोघांनी उसनवारी केली, पोरीची शाळा बदलली, आणि शेवटी तो बंगळूरला नोकरीला गेला. वस्तू उत्तम होती, गिऱ्हाईक खूश होतं, आणि धंदा मेला. २००६ चा कायदा सांगतो की लघुउद्योजकाचं बिल फार तर ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कायदा आहे. पण पहिल्याच गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा लावायची छाती कोणत्या नवख्या माणसाची होईल? दुसरी ऑर्डर कोण देईल? ‘स्टार्टअप’च्या व्यासपीठावर भाषण ठोकणाऱ्या प्रत्येक मोठ्या उद्योगपतीला आधी एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे छोट्यांची किती बिलं ४५ दिवसांच्या पुढे पडून आहेत? उत्तर येईपर्यंत माइक बंद ठेवा.

आणि आता सगळ्यात जास्त संताप आणणारी गोष्ट. आपल्याला शोधांचा अभिमान नाही असं नव्हे. अभिमान भरपूर आहे, फक्त तो न झालेल्या शोधांचा आहे. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला प्राचीन विमानविद्येसाठी सतत देतात, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडणं अशक्य, असा त्यांचा निष्कर्ष. तरी २०१५ मध्ये मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर भाषण झालंच!

त्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे राहत होते. शाळा तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षं. बारीक, चवदार, भरपूर उतारा देणारा तांदूळ हाती आला. गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याने तो चार एकरांत लावला, पीक बाजारात नेलं, आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव पडलं: एचएमटी. आता हे बारकाईने बघा. निरीक्षण, निवड, नमुना, चाचणी, पहिलं गिऱ्हाईक, बाजारातलं नाव. कल्पनेची वस्तू होण्याचा अख्खा अभ्यासक्रम या तिसरी पास माणसाने दीड एकरात पुरा केला. तुम्ही तो भात जेवला आहात. भिंतीवरच्या एकेचाळीस चौकटींपैकी एकीनेही एका माणसाचं पोट भरलेलं नाही.

आणि त्यांना काय मिळालं? कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये बियाणं नेलं, १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्धीकरण केलं. दादाजींचं म्हणणं, माझं नाव कुठे आहे? पुढे पुरस्कार आले, राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कार झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत बसवलं. शाली जमल्या. त्यांच्या तांदळावर व्यापारी, गिरण्या, बियाणेवाले जगले. स्वतः दादाजी कष्टात राहिले आणि ३ जून २०१८ ला हलाखीतच गेले. चौपाटीवरच्या न उडालेल्या विमानासाठी ऊर भरून येणाऱ्या समाजाला, ताटातल्या भाताचा बाप कोण, हे विचारावंसं वाटलं नाही. याची मला लाज वाटते, आणि तुम्हालाही वाटली पाहिजे.

मग करायचं काय? माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. कॉलेजांच्या क्रमवारीत प्रकाशित अर्जाला शून्य गुण द्या. मिळालेल्या पेटंटलाही थोडेच द्या. परक्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन वस्तू घेतली आणि वर्षाने पुन्हा घेतली, त्याला भरपूर द्या. प्रत्येक प्रकल्पावर विद्यार्थ्यांच्या नावांबरोबर तो भाग घडवणाऱ्या फिटरचं, साचेवाल्याचं, वेल्डरचं नाव लिहा. महापालिकांनी, कृषी विभागाने, एसटीने दरवर्षी ठरावीक रक्कम नव्या माणसांच्या पहिल्या मालासाठी राखावी आणि बिल ४५ व्या दिवशी चुकतं करावं. अनुदान नको, सत्कार नको, व्याख्यान तर मुळीच नको. पहिलं गिऱ्हाईक व्हा. एका शोधकाला समाज देऊ शकतो त्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

आता त्या सभागृहात परत जाऊ. सत्तावीस प्रकल्प होते. बहुतेक टेबलांवर मोठी भित्तिपत्रकं, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द आणि तारांचा गुंता. कोपऱ्यातल्या टेबलावर शिरूर तालुक्यातली एक मुलगी बसली होती. तिच्यापुढे पत्र्याची दोन टोपणं, एक अंगठ्यात घालायचं, एक बोटात, आत छोटं पातं. भेंडी तोडायचं हत्यार. भेंडीच्या लवेने बायकांच्या बोटांना खाज सुटते, कातडी सोलते. तिच्या आईची बोटं तशीच झालेली.

“किती केली?” मी विचारलं. “साठ.” “वापरतं कोण?” तिने एक वही पुढे केली. शाळेची दोनरेघी वही. पहिल्या पानावर नावं, साठ रुपयांप्रमाणे मिळालेले पैसे, आणि समोर तक्रार. ‘गंजलं.’ ‘बोटाला मोठं होतं.’ ‘पातं बोथट झालं, धार कुठे लावू?’ ‘दुपारी पत्रा तापतो.’ पुढच्या पानावर बदल: पत्रा स्टेनलेसचा, दोन मापं, आतून कापडाचं अस्तर. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा नावं. त्यातली एकोणीस पहिल्या पानावरचीच होती.

मी तिला पहिला क्रमांक दिला. उरलेल्या दोघा परीक्षकांनी तिला अठरावी ठरवली. “यात तंत्रज्ञान नाही,” असं एकाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. बक्षीस बुद्धिमान कचराकुंडीला गेलं. ती त्या दिवशी चालू होत नव्हती. समारंभात मला शाल आणि नारळ मिळाला.

परत येताना मी त्या मुलीच्या टेबलापाशी थांबलो आणि दोन जोड घेतले, एक मोठा, एक लहान. साठ रुपयांप्रमाणे एकशेवीस. तिने वही उघडली, माझं नाव लिहिलं, तक्रारीचा रकाना मोकळा ठेवला आणि म्हणाली, “काका, आठ दिवस वापरून सांगा.”

त्या कॉलेजच्या एकेचाळीस चौकटींमध्ये हे वाक्य कुठेही नव्हतं.